रकाना

साडेनऊला कोर्टावरचा हायमास्ट विझतो
आणि मग वाद पेटतो.
कोपरखैरणे, सेक्टर बारा. एका रिंगला जाळी नाही,
दुसरीची एका कडेनं सुटून लोंबतेय.
पायऱ्यांवर चार मुलं, एक चेंडू,
रबाळ्याकडून येणारा तो गोडसर केमिकलचा वास
ज्याला आता कुणी नाक मुरडत नाही.

प्रश्न असा : कप जिंकायचाय.
साथीदार एकच मिळेल.
कुणाला घेतलं तर जिंकणं सोपं?

नेव्हिल म्हणतो, उंची. विषय संपला.
नेरुळचा जिजो कुरियन, सहा-पाच,
रिंगखाली नुसता उभा राहिला
तरी समोरचे चेंडू हातात घेऊन विचार करत बसतात.
पंकज म्हात्रे म्हणतो, "मना शूटर दे.
ऐरोलीचा हरमीत. कोपऱ्यातनं डोले मिटून टाकतो.
तुजा जिजो काय, फ्री थ्रोला कोकरू."
सोहम म्हणतो, दोघंही घेऊ या ना,
वर वाशीचा तो गार्डही घेऊ, भांडण कशाला?
त्याच्यावर सगळे तुटून पडतात :
मग तू काय करणार, बाटल्या भरणार?
तीन वाघ घेऊन जिंकलास तर त्यात तुझं काय?
आयत्या बिळावर नागोबा!
"असू दे," सोहम चिक्की फोडत म्हणतो,
"मेडल नागोबाच्याही गळ्यात बसतं."

मी स्कूटरला टेकून, मोबाइलच्या उजेडात
आजच्या मॅचची बेरीज तपासतेय.
अठरा वर्षं स्कोअरटेबलवर बसते मी.
बास्केटला तिरकी रेघ.
फ्री थ्रोला काळा ठिपका.
तीनच्याला खेळाडूच्या नंबराभोवती गोल.
पासाला रकाना नाही.
स्क्रीन लावून छातीवर कोपर खाल्लेल्याला नाही.
कागद आडवा धरा, उभा धरा,
जिजो दिसतो, हरमीत दिसतो.

चौथा, इरफान, इतका वेळ लेस बांधत होता
की कुणालाही कळावं, लेस बांधत नव्हता.
"मॅडम, तुम्ही कुणाला घ्याल?"

रंजिता घरत, मी म्हटलं.
कोण?
पाच फूट एक. मॅचला सरासरी दोन पॉइंट,
तेही चुकून.
मग?
ओरडायची.
फुटक्या शिट्टीसारखा आवाज, चाळीस मिनिटं बंद नाही.
डावीकडं! स्क्रीन येतोय! बेसलाइन बघ!
आणि मी चकले, समोरची पुढं निसटली, की मागून :
मी आहे, तू जा.
दोन वर्षं मी मान वळवून मागे पाहिलं नाही.
सोपं म्हणजे काय, मला एवढंच माहीत आहे.

"आणि कप?" नेव्हिल विचारतो.
ठाण्याला, जिल्ह्याची फायनल. एकानं हरलो.
"समोर कोण होतं?"
त्यांची एक पोरगी होती. उंच.
नेव्हिल टाळी मागतो, पंकज देत नाही,
सगळे हसतात, मीही हसते.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
शेवटचे चार सेकंद, चेंडू माझ्याकडे,
आणि उजवीकडून तोच आवाज : सोड!
स्वच्छ ऐकू आला.
पाच फूट एक, दोन पॉइंट सरासरी,
मी मनात हिशेब केला
आणि स्वतःच मारला.

न पडलेल्या शॉटलाही
रकाना नसतो.

मुलं पुन्हा जिजोच्या गुडघ्यावर आली,
तो टिकेल का, ऑपरेशन कुठं करतात, खर्च किती.
मी शीटची घडी घालून डिकीत ठेवली.
इरफान चेंडू काखेत मारून मागोमाग आला.
"त्या कुठं असतात आता?"
उलव्याला. पतपेढीत आहे.
"बोलता अजून?"
बोलते तीच.
फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.